चित्रपुस्तकात मैत्री इतकी पटकन का होते?

प्राण्यांच्या मैत्रीवरची चित्रपुस्तकं मला मनापासून आवडतात, आजही दिसलं की हातात घेते, पण त्यातल्या बऱ्याच पुस्तकांवर माझा राग आहे. दुसऱ्या पानावर दोन प्राणी भेटतात, तिसऱ्या पानावर जिवलग मित्र. मधलं सगळं गायब! वर शेवटच्या पानावर सगळ्यांशी मिळून मिसळून राहावं वगैरे तात्पर्य, म्हणजे मुलाला चित्रं बघून काही कळलंच नसेल असं धरूनच चालायचं.

म्हणून ओवेन आणि म्झेचं पुस्तक मला इतकं जवळचं वाटतं. केनियातली खरी गोष्ट आहे ही. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा मालिंदीच्या समुद्रात पाणघोड्याचं एक पिल्लू, म्हणजे आपला ओवेन, एकटंच अडकलं, लोकांनी किती खटपट करून, जाळ्या टाकून त्याला बाहेर काढलं आणि मग मोम्बासाच्या हॅलर पार्कमध्ये नेलं. तिथे म्झे होता, साधारण १३० वर्षांचं अल्डाब्रा जातीचं महाकाय कासव. घाबरलेला ओवेन थेट त्याच्या मागे जाऊन लपला.

आणि म्झेला ते अजिबात आवडलं नाही. तो फुत्कारला, लांब सरकला, ओवेन परत मागे, तो परत सरकला, रात्रभर हेच चालू. सकाळी बघतात तर पिल्लू कासवाला टेकून बसलेलं आणि कासव काही म्हणत नव्हतं. पुढे ओवेन काही खाईना, सांभाळणारे काळजीत पडले, आणि मग तो म्झेच्या शेजारीच पाला खाताना दिसला.

मला तो फुत्कार फार मोलाचा वाटतो. ज्या मुलाला आजच कोणीतरी खेळायला घेतलं नाही, त्याला तिसऱ्या पानावरच्या मैत्रीचा काय उपयोग सांगा, त्याला वाटणार आपल्यातच काहीतरी खोट आहे. इथे त्याला दिसतं की समोरचा आधी नको म्हणू शकतो, आणि तेवढ्याने तो वाईट ठरत नाही, म्हातारा जीव आहे, त्याच्याजवळ अचानक येऊन कोणी बिलगलं तर दचकणारच ना.

दुसरं म्हणजे यातले प्राणी प्राणीच राहतात. पीटर ग्रेस्टचे फोटो आहेत, त्यामुळे टोपी नाही, चष्मा नाही, ओढूनताणून काढलेलं हसू नाही. म्झेच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही, आणि तिथेच मूल थांबतं, निरखून बघतं, स्वतःचं काहीतरी बोलायला लागतं. ही दोस्ती नेमकी कशामुळे जमली याचं पक्कं कारणसुद्धा पुस्तक देत नाही, कदाचित त्या गोल, करड्या पाठीत पिल्लाला आई दिसली असेल, एवढंच. मुलांना हे पुरतं हो.

पुढे ओवेन मोठा आणि जड झाला, त्याच्या धसमुसळेपणात म्झेला इजा होईल अशी भीती वाटायला लागली, मग त्याला क्लिओ नावाच्या पाणघोडीसोबत ठेवलं. हा भाग मुलांपासून लपवू नका असं मला अगदी कळकळीने वाटतं. ती रडतील कदाचित, रडू देत. मित्रापासून लांब जाणं त्यांच्याही वाट्याला येतंच, शाळा बदलते, घर बदलतं, आणि त्या वेळी आठवायला एक खरी गोष्ट तरी हाताशी असेल.

ज्यात मैत्री जमायला निम्मं पुस्तक जातं, असं अजून एखादं माहीत असेल तर प्लीज नाव सांगा, मला हवंय.