टोमॅटोवर अजिनोमोटो? आधी एकराचा हिशोब मांडू

पंधरवड्यात एकच मेसेज चार ग्रुपांवर आला. मजकूर असा: 'शेतकरी टोमॅटो, द्राक्षांवर अ‍ॅमिनो फवारतात. ते अजिनोमोटोच. धुऊन जात नाही, मेंदूच्या पेशी मारतं, परदेशात बंदी आहे.' आम्ही टोमॅटो लावतो आणि अ‍ॅमिनोही मारतो, तेव्हा उत्तर देणं आलंच.

'ते अजिनोमोटोच.' प्रथिनं ज्या वीसेक अ‍ॅमिनो आम्लांची बनतात त्यातलं एक ग्लुटामिक. त्याचं सोडियमचं मीठ म्हणजे अजिनोमोटो. अ‍ॅमिनोच्या बाटलीत मात्र बहुधा या सगळ्या आम्लांची खिचडी असते, सोयाबीन किंवा माशासारख्या कशातलं तरी प्रथिन तोडून केलेली. काही जण किराणा दुकानातली अजिनोमोटोची पुडी पंपात टाकतात, हेही खरं. तरी ती घटकाभर बाजूला ठेवून बाटलीचा हिशोब बघा.

लिटरला २ मिली, एकरी २०० लिटर पाणी, म्हणजे ४०० मिली औषध. त्यात २० टक्के अ‍ॅमिनो धरलं तर ८० ग्रॅम. एकरी २० टन माल निघाला आणि यातला थेंबही पानावर, मातीत न जाता फळातच गेला असं मानलं, तरी किलोला ४ मिलिग्रॅम. आणि पिकलेल्या टोमॅटोत मोकळं ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटोतला तोच घटक, मुळातच किती? शंभर ग्रॅमला साधारण १५० ते २५० मिलिग्रॅम. म्हणजे त्याच एकरातल्या मालात ४० किलोच्या आसपास, एक ग्रॅमही न फवारता. सारात टोमॅटो पडला की जिभेला जे बरं वाटतं, त्यात याचा मोठा वाटा. जपानचे रसायनशास्त्रज्ञ इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळातून वेगळं काढलं तेही हेच.

(हाच हिशोब बाटली विकणाऱ्यालाही ऐकवावा. झाड स्वतः ४० किलो बनवत असताना तुमच्या ८० ग्रॅमनी 'उत्पन्न दीडपट' कसं होतं, ते सांगा म्हणावं.)

'धुऊन जात नाही.' अर्धं बरोबर. काही भाग पान शोषून घेतं. पण झाडाच्या दृष्टीने ते परकं नाही. स्वतःच्या आम्लांसारखंच ते त्याचं प्रथिन करतं.

'मेंदूच्या पेशी मारतं.' याचं मूळ अमेरिकन संशोधक ओल्नी यांच्या १९६९ सालच्या प्रयोगात आहे. नुकत्या जन्मलेल्या उंदरांना त्यांनी अजिनोमोटो कातडीखाली टोचलं, वजनाच्या किलोला अर्ध्यापासून चार ग्रॅमपर्यंत. पुढे २०१७ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने खाण्यात मिसळलेल्या ग्लुटामेटसाठी किलो वजनाला रोज ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. साठ किलोच्या माणसाला १८०० मिलिग्रॅम. फवाऱ्यातून तेवढं पोटात जायला दिवसाला साडेचारशे किलो टोमॅटो खावे लागतील.

'परदेशात बंदी.' उलट आहे. अ‍ॅमिनो मोडतं जैव-उत्तेजकांत, म्हणजे पिकाच्या वाढीला हातभार लावणाऱ्या उत्पादनांत. युरोपीय संघाच्या २०१९ च्या खत नियमावलीत त्यांचा स्वतंत्र वर्ग आहे. आपल्याकडे २०२१ मध्ये जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशात आली. अलीकडे प्राण्यांपासून केलेल्या काही उत्पादनांची मान्यता केंद्राने काढून घेतली, पण वाद श्रद्धेचा आणि आहाराचा होता, विषाचा नव्हता.

मग काळजीचं काहीच नाही? आहे, पण ती अ‍ॅमिनोच्या नावाखाली दुसरंच काही विकलं जाण्याची. जैव-उत्तेजकात कीटकनाशक ०.०१ पीपीएमच्या (किलोला ०.०१ मिलिग्रॅमच्या) वर नको असं नियम सांगतो, तो उगीच नाही. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली ती वेलाची वाढ आवरणाऱ्या क्लोरमेक्वाटच्या, म्हणजे बागायतदारांच्या 'लिहोसिन'च्या अंशामुळे. आणि घरी मासळी-गूळ कुजवून केलेलं अ‍ॅमिनो काढणीच्या आदल्या दिवशी कोथिंबिरीवर मारू नये, असं माझं मत. कुजक्या पाण्यात कोणते जंतू वाढलेत ते आपण तपासलेलं नसतं.

दोन वर्षांमागे एका ओळखीच्याने बिनाबिलाची बाटली दिली होती. 'प्लॉटला काळोखी येईल', म्हणजे पानं गर्द हिरवी होतील, म्हणाला, आणि आलीही. पण तिसऱ्या दिवशी शेंड्यावरचे थ्रिप्सही (फुलकिडे) मेलेले दिसले. अ‍ॅमिनोने थ्रिप्स मरत नाहीत. तो तोडा मी आठ दिवस पुढे ढकलला, आणि उरलेली बाटली अजून गोठ्याच्या वळचणीला तशीच आहे.