यलो कार्ड घेतलंत, पण मलेरियाच्या गोळ्यांचं काय?

जुलै ते ऑक्टोबर हा केनियातल्या मसाई मारा अभयारण्याचा सीझन. विल्डबीस्ट नावाच्या हरणांच्या जातीतल्या मोठ्या प्राण्यांचे कळप नदी ओलांडताना बघायला हल्ली मुंबई-पुण्यातूनच नाही तर नाशिक, कोल्हापूर, नागपूरहूनही ग्रुपच्या ग्रुप केनियाला निघतात, त्यात रिटायर झालेली मंडळी असतात, मोठ्या लेन्सा घेतलेले फोटोग्राफर असतात, नातवंडांना घेऊन निघालेले आजी-आजोबा असतात. जरूर जा, आयुष्यात एकदा तरी बघावंच असं ते आहे. पण या सगळ्यांच्या तयारीत एक गोष्ट मला सतत खटकते म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

केनियाला जाणारा प्रत्येक जण यलो फिव्हरची लस घेतो. घ्यावीच लागते, कारण परत येताना आपल्या एअरपोर्टवर ते पिवळं कार्ड बघतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवू शकतात. नियम अगदी बरोबर आहे, आपल्याकडे हा रोग नाही पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे, त्यामुळे तो इथे येऊच नये म्हणून ही काळजी. लस किमान दहा दिवस आधी घ्यायची, सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची, साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांशी नीट बोलून घ्यायची, हे सगळं लोक व्यवस्थित करतात, पहाटे उठून रांगा लावतात. आणि एकदा का ते कार्ड हातात आलं की डासांचा विषय संपला असं धरून चालतात.

मलेरिया मात्र कोणी विचारत नाही. प्रवासाची परवानगी काढताना विचारत नाहीत, एअरपोर्टवर विचारत नाहीत, त्यामुळे तो कोणाच्या यादीतच नसतो. आणि माराला गेलेल्या माणसाला यलो फिव्हरपेक्षा मलेरिया होण्याची शक्यता कितीतरी जास्त!

आमच्या ग्रुपची निघण्याआधी मीटिंग झाली तेव्हा दोन तास कॅमेरा, जॅकेट आणि खाऊ यावर चर्चा झाली. मी मलेरियाच्या गोळ्यांचं विचारलं तर एक काका म्हणाले, अगं आम्ही चिपळूणचे, आमचा जन्म डासांत गेला, आम्हाला काय होतंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. काका अतिशय सज्जन आणि बोलले ते मनापासून बोलले, पण हाच समज सगळ्यात धोकादायक आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

का ते सांगते. आपल्याकडे मुंबईत वगैरे जो मलेरिया होतो तो जास्त करून व्हायवॅक्स जातीचा, माणूस आठवडाभर लोळागोळा होतो पण औषध घेतलं की बहुतेक वेळा उठतो. आफ्रिकेतला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम, तो मेंदूवर जाऊ शकतो, किडनी बंद पाडू शकतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर एक-दोन दिवसात माणूस हाताबाहेर जातो. २०२३ या एका वर्षात जगात मलेरियाने अंदाजे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत, आणि तिथेही बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. तिथली मोठी माणसं त्यातल्या त्यात तग धरतात कारण लहानपणापासून पुन्हा पुन्हा मलेरिया होऊन त्यांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती तयार झालेली असते, आणि तीसुद्धा देश सोडून काही वर्षं झाली की ओसरते. ब्रिटनमध्ये मलेरियाचे जे पेशंट सापडतात त्यात मोठा भाग मूळच्या आफ्रिकन कुटुंबांतला असतो, सुट्टीत आपल्या गावी जाऊन आलेले लोक. ज्यांचं बालपण त्या डासांत गेलं त्यांची ही गत, तर चिपळूणच्या डासांची सवय तिकडे कुठून उपयोगी पडणार?

फाउस्टो कॉपीचं नाव सायकलिंगवाल्यांना माहीत असेल. इटलीचा महान सायकलपटू, १९४९ आणि १९५२ ची टूर द फ्रान्स जिंकलेला. डिसेंबर १९५९ मध्ये तो आणि त्याचा फ्रेंच मित्र राफाएल जेमिनियानी आफ्रिकेत अप्पर व्होल्टाला, म्हणजे आजच्या बुर्किना फासोला गेले, एक प्रदर्शनी शर्यत आणि मग शिकार असा निवांत दौरा. दोघं एकाच खोलीत झोपले, डास भरपूर होते. घरी परतल्यावर दोघांनाही ताप आला. फ्रान्समध्ये जेमिनियानीचं रक्त तपासलं, फाल्सिपेरम निघाला, क्विनाईन दिलं, तो वाचला. इटलीत कॉपीच्या डॉक्टरांना वाटलं हा फ्लू आहे, छातीचा आजार आहे, आणि फ्रान्सहून मलेरियाचा निरोप येऊनही उपचार बदलले नाहीत. २ जानेवारी १९६० ला कॉपी गेला, वय चाळीस. दोघांचा प्रवास एक, खोली एक, आजार एक, फरक फक्त रक्ताच्या एका तपासणीचा. मी हे वाचल्यापासून मला ते डोक्यातून काढता आलेलं नाही.

कारण हेच आपल्याकडे आजही सहज होऊ शकतं, किंबहुना जास्त सहज. हिशोब बघा. फाल्सिपेरमचा ताप डास चावल्यानंतर साधारण सात दिवसांच्या आत येत नाही, आणि आपल्या टूर असतात आठवडाभराच्या. म्हणजे ताप येणार तो घरी आल्यावर. घरी तेव्हा ऐन पावसाळा नाहीतर गणपती, गल्लीत डेंग्यूचे पेशंट, प्रत्येक घरात व्हायरल. फॅमिली डॉक्टर म्हणणार व्हायरल आहे, तीन दिवस बघू. रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स कमी आल्या की सगळे डेंग्यू डेंग्यू करणार, पण प्लेटलेट्स मलेरियातही कमी होतात हे लक्षातच येत नाही. आणि समजा मलेरिया ओळखला तरी केनियाचं सांगितलंच नाही तर इथला नेहमीचा समजून क्लोरोक्विन दिलं जाईल, जे आफ्रिकेतल्या फाल्सिपेरमवर चालत नाही.

म्हणून परत आल्यावर पुढचे तीन महिने, हो तीन महिने, कसलाही ताप आला तर दवाखान्यात शिरल्यावर पहिलं वाक्य हे बोला की मी आफ्रिकेत जाऊन आलोय, माझी आजच मलेरियाची टेस्ट करा. पहिली टेस्ट निगेटिव्ह आली आणि ताप आहेच, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा करायची, कधीकधी तिसऱ्यांदासुद्धा. गोळ्या नियमित घेतल्या असतील तरीही टेस्ट करायचीच, कारण शंभर टक्के गॅरंटी कुठल्याच गोळीची नाही.

आता गोळ्यांचं. डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या, मी डॉक्टर नाही, पण जे आहे ते असं. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल नावाची गोळी जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज एक आणि तिथून निघाल्यावर आणखी सात दिवस. महाग पडते आणि प्रत्येक मेडिकलमध्ये लगेच मिळेलच असं नाही, त्यामुळे आधीच सांगून ठेवा. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे, पण ती परत आल्यावर चार आठवडे घ्यावी लागते आणि उन्हाने कातडी भाजते, उघड्या टपाच्या जीपमध्ये दिवसभर उभं राहणाऱ्यांनी विचार करावा, शिवाय गरोदर बायका आणि लहान मुलांना ती देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, पण डिप्रेशनचा किंवा फिट्सचा त्रास असलेल्यांना अजिबात नको. मी पहिली घेतली, रोज रात्री जेवण झालं की टेबलावरून उठायच्या आधी दुधाबरोबर, कारण पोटात स्निग्ध काहीतरी असेल तर ती नीट लागू पडते. आणि घरी पोचल्यावर बंद करायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं, लोक नेमकं तिथेच सोडतात.

कोणीतरी विचारेलच की मलेरियाची लस आता आपल्या पुण्यात सिरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते ना, मग ती का नाही? बनते, आर २१ तिचं नाव, ऑक्टोबर २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने शिफारस केली आणि मला त्याचा प्रचंड अभिमान आहे, पण ती आफ्रिकेसारख्या मलेरियाच्या भागात राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहे, टुरिस्टसाठी नाही.

बाकी मुळात डास चावूच न देणं. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. कॅम्पमध्ये संध्याकाळी सगळे शेकोटीभोवती बसतात, वर जॅकेट घातलेलं असतं पण पायात सपाता, आणि खुर्चीखालच्या अंधारात घोटे सगळे उघडे. तेव्हा मोजे घाला, पायघोळ पॅन्ट घाला आणि उघड्या कातडीवर २० ते ३० टक्के डीईईटी किंवा २० टक्के पिकारिडिनवालं रिपेलंट लावा, आधी सनस्क्रीन मग रिपेलंट, उलटं नाही. मुलांच्या हाताच्या पंज्यांना लावू नका, तोंडात जातात. तुम्ही जेवायला जाता तेव्हा कॅम्पची माणसं मच्छरदाणी सोडून ठेवतात, झोपण्याआधी टॉर्च मारून आत डास नाही ना, कुठे भोक नाही ना बघा आणि चारही बाजूंनी गादीखाली खोचा, नुसती लोंबकळत ठेवली तर काही उपयोग नाही. तंबूची चेन आत-बाहेर करताना लगेच लावा. लसूण, बी व्हिटॅमिनच्या गोळ्या, मोबाईलमधले आवाजवाले अॅप यांनी काही होत नाही, त्यावर विसंबू नका. तिथली त्सेत्से नावाची चावणारी माशी निळ्या आणि गडद रंगावर येते म्हणून सफारीला खाकी, मातकट कपडे. आणि मारानंतर मोम्बासा किंवा दियानीच्या बीचवर जाणार असाल तर तिथे डेंग्यूही असतो, तो डास दिवसा चावतो, म्हणजे तिथे सकाळीही रिपेलंट हवं. ज्यांना आधी डेंग्यू होऊन गेलाय त्यांनी तर जास्तच जपायचं, दुसऱ्या प्रकारचा डेंग्यू झाला तर तो जास्त गंभीर होण्याची भीती असते.

गरोदर असाल तर यंदा नका जाऊ, मारा कुठे पळून जात नाही.

टूर काढणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या चेकलिस्टमध्ये यलो फिव्हरच्या खाली आणखी एक ओळ टाका, की निघण्याच्या चार-सहा आठवडे आधी डॉक्टरांकडे जाऊन मलेरियाच्या गोळ्या लिहून घ्या, आणि परत आल्यावर दोन आठवड्यांनी त्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर, जिथे सिंहांचे फोटो चाललेले असतात, एकदा विचारा की कोणाला ताप तर नाही ना.