‘अंडी पुरून निघून जाणारा पक्षी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

निकोबार बेटांवरच्या मेगापोड या पक्ष्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली एका वाचकानं नाव न टाकता लिहिलंय: “नागपुरात पंख्याखाली बसून बेटांवरचे पक्षी रंगवायचे आणि अंडी पुरून निघून जाणाऱ्या पक्ष्याला ‘कष्टाळू आईबाप’ म्हणायचं, हा भाबडेपणा आहे. फोटो धूसर. शेवटी गॅलाथियाचं राजकारण.” (गॅलाथिया म्हणजे ग्रेट निकोबार बेटावरचा एक उपसागर.) उत्तर देणार नव्हतो. पण बायको म्हणाली, दिल्याशिवाय तुम्हाला झोप लागायची नाही.

आधी पंख्याचं बोलू. मे महिन्यात नागपुरात कोणी पंख्याखाली बसत नाही, कूलरसमोर बसतात. इथले असता तर एवढं ठाऊक असतं. आणि ‘रंगवायचे’ हा शब्द कशाला? मतभेद असू द्या ना, पण चार लोकांत बोलल्यासारखं बोला.

एक मात्र मान्य. पक्ष्याचं वर्णन लेखात फार खाली गेलं. कोंबडीएवढा, तपकिरी, राखी डोक्याचा, चेहऱ्यावर लाल उघडी कातडी, आखूड शेपूट आणि अंगाच्या मानानं दांडगे पाय. हे वरच यायला हवं होतं.

आता तुमचं ‘निघून जाणारा’. मेगापोड अंड्यावर बसत नाही, हे मीच लिहिलं होतं. मग अंडं उबतं कशानं? हा पक्षी किनाऱ्यालगतच्या रानात पायांनी वाळू, पोवळ्यांचा चुरा आणि पालापाचोळा मागे उडवत ढीग रचतो. एकच ढीग वर्षानुवर्षं वापरात राहतो, कधी एकाहून जास्त जोड्याही तो वापरतात. पाला कुजताना ऊब सुटते, तिच्यावर अंडी वाढतात, तीही दोन महिन्यांहून अधिक काळ. प्रत्येक अंड्यासाठी ढीग उकरायचा, अंडं घालायचं, पुन्हा बुजवायचं, वर नवा पाला ओढायचा.

ही ऊब मी पुस्तकात वाचलेली नाही. माझं लहानपण काटोलकडच्या शेतात गेलं. थंडीच्या सकाळी आजोबा उकिरडा उपसत, तेव्हा आतून वाफ निघायची. एकदा मी कोपरापर्यंत हात खुपसला आणि लगेच बाहेर ओढला, इतकं चटकत होतं. वरचा थर नीट नसला की तोच उकिरडा गार पडायचा. म्हणून ढीग राखणं काय असतं, हे मला शिकवू नका, भाऊ.

याच कुळातला ऑस्ट्रेलियाचा मॅलीफाऊल बघा. तिथं नर चोच ढिगात खुपसून तापमान अजमावतो आणि ते साधारण ३३ अंशांवर ठेवतो. वसंतात पाला जोरात कुजतो तेव्हा ढीग उघडून जास्तीची ऊब सोडतो, उन्हाळ्यात वाळूचा थर वाढवून ऊन अडवतो, पुढे गारवा आला की तोच थर पसरून उन्हात तापवतो. वर्षातले बहुतेक महिने त्याचे यातच जातात. याला तुम्ही पळ काढणं म्हणणार का?

पिल्लू बाहेर आल्यावर आईबाप विचारत नाहीत, हे खरं. त्याला गरजही नसते. अंड्यात बलक भरपूर, त्यामुळे ते पुरतं वाढूनच अंड्याबाहेर पडतं, एकटं ढीग उकरत वर येतं आणि लगेच आपल्या पायांवर चालू लागतं. माझ्या लेखातला ‘कष्टाळू’ हा शब्द ढिगाच्या संदर्भात होता. वाक्य पुरतं वाचलं असतं तर बरं झालं असतं.

राहिलं गॅलाथिया. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या अभयारण्याचा दर्जा काढला गेला, ही नोंद आहे. तिला राजकारण म्हणायचं तर म्हणा. २००४ च्या त्सुनामीत किनाऱ्यालगतचे ढीग मोठ्या प्रमाणावर वाहून गेले, हेही त्याच लेखात होतं. त्यावर तुम्ही चकार शब्द काढलेला नाही.

फोटो माझ्या मित्रानं ग्रेट निकोबारवर, कॅम्पबेल बेच्या बाजूला काढला. दाट रान, अंधुक उजेड आणि चाहूल लागताच धूम ठोकणारा पक्षी. तुमच्याकडे याहून स्पष्ट असेल तर पाठवा, आनंदानं लावतो. फक्त फोटोखाली टाकायला तुमचं नाव लागेल.