चोर सोडून हीटरला फाशी

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सांगलीतल्या चार ग्रुपांवरून आला. थोडक्यात मजकूर असा: "डिशवॉशरचं पाणी तापत नाही? दहा मिनिटांनी दार उघडून पाण्याला हात लावा. गार असेल तर हीटर जळालाच समजा. आपल्या क्षाराच्या पाण्यानं तो जळतोच. वाटीभर व्हिनेगर टाकून बघा, नाहीतर नवा हीटर बसवा. तोवर थर्मोस्टॅट काढून दोन वायरी एकत्र जोडा, किंवा गीझरचं पाणी मशीनला द्या." मी घरगुती मशीनं दुरुस्त करतो. पोटावर पाय येतो म्हणून बोलतोय असं म्हणा हवं तर, पण या मेसेजमुळं मला काम कमी नाही, जास्तच मिळतंय.

पहिलं, दहा मिनिटांचा हात. बहुतेक प्रोग्रॅममध्ये पहिलं पाणी गारच असतं. ते नुसतं खरकटं काढायला. ते बाहेर गेल्यावर दुसरं पाणी येतं, साबणाचं झाकण उघडतं आणि तेव्हा कुठं हीटर लागतो. मधली विसळणी पुन्हा गार, शेवटची गरम, कारण भांडी स्वतःच्या उष्णतेनं सुकायची असतात. म्हणजे चुकीच्या वेळी हात घातला तर धडधाकट मशीनही आजारी ठरतं. त्यापेक्षा शेवटी बघा. स्टीलची भांडी गार आणि निथळती निघाली, कढईच्या कडेला हळदीचा तेलकट पट्टा तसाच राहिला, तर शंका रास्त आहे. प्लॅस्टिकचे डबे ओले राहतात ते राहतातच, त्यावरून काही ठरवू नका.

खात्री करायची तर स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. फ्रीज, इन्व्हर्टर, पंखे सगळं बंद करून फक्त डिशवॉशर चालू ठेवा आणि विजेच्या मीटरचा लुकलुकणारा लाल दिवा मोजा. मीटरवर युनिटला 3200 इम्पल्स (म्हणजे एका युनिटला दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो) असं छापलेलं असेल, तर 2000 वॅटचा हीटर चालू असताना दिवा मिनिटाला शंभरावर वेळा लुकलुकतो. नुसता पंप फिरत असेल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच. मुख्य धुण्याच्या पहिल्या अर्ध्या तासात एकदाही दिव्यानं वेग घेतला नाही, तर हीटरला वीज जात नाही किंवा तो वीज ओढत नाही, एवढं नक्की.

आता मेसेजची खरी चूक. "वीज ओढत नाही" म्हणजे "जळाला" नव्हे. डिशवॉशरचा हीटर आपल्या मर्जीनं लागत नाही. पाणी पुरेसं आलंय का, पंप ते जोरानं फिरवतोय का, तापमानाचा सेन्सर काय सांगतोय, हे सगळं बघून मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड रिले, म्हणजे हीटरची वीज चालू-बंद करणारं स्विच, ओढतो. यातला एक जरी नकार आला तरी हीटर थंडच राहतो, आणि ते बरोबरच आहे. कोरडा तापला तर मशीन वितळेल. शेंगदाण्याच्या कुटाचा आणि तुपाचा थर जाळीवर बसला की पंपाला पाणी अपुरं पडतं. ते थर मी स्वतः काढलेत, चिखल परवडला. म्हणून पहिलं काम जाळी धुणं आणि नळाची तोटी पूर्ण उघडी आहे का बघणं.

दुसरा संशयित आपल्याकडं हमखास विसरला जातो: व्होल्टेज. तासगावकडच्या मळ्यातल्या एका घरात संध्याकाळी 175 व्होल्ट भरले. व्होल्टेज चौथाई घटलं की हीटरची ताकद चौथाई घटत नाही, वर्गाच्या हिशोबानं घटते. 230 ला 2000 वॅट देणारा हीटर तिथं साडेअकराशेच्या आसपास येतो. ठरल्या वेळात पाणी तापत नाही, मशीन चूक दाखवतं आणि बिचारा हीटर बदलला जातो. 16 अँपिअरची पिन कन्व्हर्टर लावून छोट्या एक्स्टेन्शन बोर्डात खुपसलेली असेल तर आधी तो बोर्ड हाताळून बघा, गरम लागेल.

क्षाराबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. बोअरच्या पाण्यानं गीझरच्या कॉइलवर दगड जमतो, ती फुटते, हे घरोघरी पाहिलेलं. तोच हिशोब इथं लावलाय. पण बहुतेक डिशवॉशरमध्ये पाणी मऊ करायची सोय असते, म्हणून तर त्यात मीठ भरतात. मीठ संपू दिलं तर क्षार बसेल, मान्य. बसलेला क्षार काढायला किराणा दुकानातलं लिंबूसत्त्वही चालतं. तुटलेली तार मात्र व्हिनेगरनं जुळत नाही.

गीझरचं पाणी जोडणं म्हणजे रोग झाकणं. दुधाच्या पातेल्यावरची साय पहिल्याच गरम पाण्यानं चिकटते, आणि बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत आत येणाऱ्या पाण्याला 60 अंशांची मर्यादा असते. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा भाग, काढून वायरी जोडणं? ते करू नका. पाणी नसताना लाल होणारा हीटर ओट्याखाली ठेवून झोपायचं आहे का?

मोजायचं असेल तर प्लग काढून, हीटरची दोन्ही टोकं सुटी करून मल्टिमीटर लावावा. 2000 वॅटला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण 26 ओहम यायला हवा. तेवढा आला आणि टोकापासून हीटरच्या धातूच्या बॉडीपर्यंत काहीच जोड दिसला नाही, तर हीटर निर्दोष. पुढं रिले आणि सेन्सर तपासा. सेन्सर कोमट पाण्यात धरला की त्याचा रोध सावकाश उतरला पाहिजे. काहीच आकडा आला नाही तर तो गेला.

विश्रामबागच्या एका काकूंनी हाच मेसेज वाचून मुलाकडून नवा हीटर मागवला होता. मी मोजला तर जुना 26 ओहम. बोर्डावर रिलेच्या पायाचा सोल्डरचा डाग सुटला होता, तो पुन्हा झाळला आणि पाणी तापलं. "मग ह्याचं काय करू?" म्हणत त्यांनी खोकं पुढं केलं. विजेचा माल दुकानदार परत घेत नाही. ते खोकं अजून त्यांच्या माळ्यावर आहे.