सहा महिने कशाला?

एचआयव्हीचा धोका घेतल्यानंतर टेस्ट कधी करावी, यावरच्या लेखातलं ‘खात्रीसाठी सहा महिने थांबा’ हे वाक्य खटकलं. कुठली टेस्ट, हे सांगितल्याशिवाय दिवस सांगून काय उपयोग? शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी चौथ्या पिढीची टेस्ट (विषाणूचा अंश आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणारी) ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली, मधे पुन्हा धोका घेतला नसेल, तर विषय संपला. बोटाला टोचून करतात त्या रॅपिडला ९० दिवस धरायचे.

मी स्वतः बाराव्याच दिवशी टेस्ट केली होती. तीही निपाणीत कुणी ओळखीचं भेटेल म्हणून बेळगावला जाऊन! निगेटिव्ह आली तरी झोप नाही. शेवटी सरकारी आयसीटीसीतल्या, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रातल्या बाईंनी कन्नड हेल काढत विचारलं, “तारीख कुठली हो?” आणि कॅलेंडरवर नव्वदावा दिवस पेनानं गोल केला. त्या दिवशीचाही रिपोर्ट निगेटिव्ह. तिथली टेस्ट फुकट होती, खाजगी लॅबच्या फेऱ्यांत मात्र खिसा रिकामा झाला.