बाद मत एक

परवा माझं मत बाद झालं. निवडणुकीतलं नव्हे. तिथं निदान बोटाला शाई तरी लागते. भयकथाकार नारायण धारपांच्या जन्मशताब्दीनिमित्त आमच्या वाचनालयानं काउंटरवर काजूकतलीचा रिकामा खोका ठेवला होता. झाकणाला भोक, वर स्केचपेननं 'तुमचे आवडते धारप कोणते?' शेजारी पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या आणि दोऱ्यानं बांधलेलं बॉलपेन. दोरा इतका आखूड, की लिहिणाऱ्याकडून खोक्याला आपोआप नमस्कार घडावा.

मी वाकलो. तेवढ्यात कानाशी आवाज आला, "काय लिहिताय?"

मागे सत्तरीचे एक गृहस्थ. खांद्याला शबनम, हातात पिशवी, पिशवीत आणखी एक पिशवी. हे वाचनालयाचे नोकर नाहीत, समितीवर नाहीत. सकाळी पेपर वाचायला येतात आणि पेपर दुसऱ्या कुणाच्या हातात असला की असे मोकळे सुटतात.

"'लुचाई' लिहितोय, काका."

"कशाला? नऊ जणांनी तेच लिहिलंय, काका."

तिथंच बिनसलं. मी बावन्नचा. मी त्यांना काका म्हणणं हा संस्कार, त्यांनी मला काका म्हणणं हा सूड.

"नऊ जणांनी लिहिलंय हे तुम्हाला कसं कळलं? खोका बंद आहे ना?"

"झाकण सैल आहे," ते शांतपणे म्हणाले. "आणि 'लुचाई' मूळ त्या अमेरिकन स्टीफन किंगचं. १९७५चं 'सेलम्स लॉट'. आपलं काय त्यात?"

"बरं, 'शपथ' लिहितो."

"तेही किंगचंच. 'इट', १९८६. मूळ पुस्तक उशाला घेतलं तर मान धरते, एवढं जाड."

"'ग्रहण'?"

"झी मराठीवर मालिका पाहिलीत वाटतं?"

मी खरंच पाहिली होती. पण त्याआधी पुस्तकही वाचलं होतं, हे सांगेपर्यंत त्यांनी मान हलवून माझी वासलात लावली होती.

"मग 'आजी'," मी शेवटचा पत्ता टाकला.

"ती कथा. इथं पुस्तक विचारलंय. आणि तिच्यावरून 'तुंबाड' सिनेमा आल्यापासून जो उठतो तो 'आजी, आजी' करतो. २०१८च्या आधी कुठं होतात सगळे?"

मी कुठं होतो? चिपळूणला आत्याकडे होतो. मे महिना, तेरा वर्षांचा, दिवे गेलेले आणि संडास परसात. धारप वाचायची खरी जागा ती. कंदिलाच्या उजेडात पान उलटताना भिंतीवर आपल्याच हाताची सावली सरकली तरी पोटात गोळा यायचा. 'चल ना रे माझ्याबरोबर' म्हणून आतेभावाला उठवायचं. तो फुकट उठत नसे, सकाळी दोन आंबे द्यावे लागत. धारपांपायी मी त्या महिन्यात किती हापूस गमावले याचा हिशेब नाही.

ते पुस्तक समर्थांचं होतं. समर्थ म्हणजे रामदास नव्हेत, धारपांच्या अनेक पुस्तकांतले, भुताखेतांशी लढणारे नायक. रोज दहा पैसे भाड्यानं आणलेलं, मुखपृष्ठ गळालेलं आणि शेवटची पानंही बेपत्ता. समर्थ वाड्यात शिरतात, बंद दारापाशी उभे राहतात, आणि पुढे नुसती दोऱ्याची शिवण. "पुढं काय झालं रे?" तर आतेभाऊ कूस बदलत म्हणाला, "समर्थ आहेत ना, होतं सगळं ठीक." माझं अजून झालेलं नाही.

तर मला आवडलेले धारप हे. काउंटरपाशी अचानक तेच लिहावंसं वाटलं, आणि काकांना ते सांगायचा गाढवपणा मी केला.

"नाव काय पुस्तकाचं?"

"माहीत नाही. कव्हर नव्हतं. पण एक जुना वाडा आहे, एक बंद खोली आहे, मग समर्थ येतात..."

"सगळ्यांतच येतात," काका म्हणाले. रांगेतले तिघं हसले. शिक्के मारणाऱ्या मॅडमही हसल्या. त्यांच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. त्यांच्या वाचनालयाला मी गेली अकरा वर्षं उशिराचा दंड इमानेइतबारे भरत आलोय.

उत्तर घरी येताना पुलावर सुचलं. 'तुंबाड'च्या राही बर्वेला तरी धारप कुठं पुस्तकातून भेटले? नागझिऱ्याच्या जंगलात रात्री मित्रानं गोष्ट तोंडी सांगितली, १९९३ साली. त्या माणसानं त्यावर अख्खा सिनेमा उभा केला. त्याला कुणी विचारलं का, की बाबा, कव्हर दाखव? पण पुलावर सुचलेल्या उत्तराचं करायचं काय? बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "दूध आणलंत का?"

खरं तर राग काकांचा नाहीच. (आहे, पण सगळा नाही.) हा लेखक १९२५ साली जन्मला, २००८ साली गेला आणि मधल्या काळात अर्ध्या महाराष्ट्राला रात्री एकटं संडासला जाऊ दिलं नाही. त्याची पुस्तकं आमच्या वाचनालयात कुठं आहेत? 'रहस्य, भय व इतर' असं लिहिलेल्या कपाटात, जिन्याखाली. 'इतर'मध्ये लोणची-मुरंबे आणि वास्तुशास्त्र. कादंबऱ्यांच्या कपाटाला काच आहे, याला नाही. माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक अजूनही धारप वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेतात आणि विचारलं तर 'नातवासाठी' म्हणतात. नातू आहे कॅनडात, त्याला मराठीतलं 'अ' येत नाही. समीक्षक मंडळींना तर भीती वाटण्याचीच लाज वाटते. रडवणारा लेखक थोर, मग घाबरवणारा जिन्याखाली का? आणि शताब्दीला काय, तर काजूकतलीचा खोका. तोसुद्धा रिकामा.

असो. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'समर्थांचं एक, कव्हर नसलेलं', आणि खोक्यात टाकली. काकांनी डोळे मिटून घेतले.

काल निकाल लागला. फळ्यावर खडूनं : लुचाई ९, शपथ ६, ग्रहण ४, चेटकीण २, बाद १.

मॅडमना म्हटलं, 'बाद' का? त्या म्हणाल्या, "नियम आहे. काका म्हणाले."

"आणि ही 'चेटकीण' कुणाची?"

"एक काकांची."

"दुसरी?"

मॅडमनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. 'चेटकीण'च्या दोन्ही चिठ्ठ्या वर होत्या. दोन्हींवर तेच तिरकं अक्षर, वेलांटीला तोच झोकदार फराटा. फक्त दुसरीच्या खाली कंसात लिहिलं होतं, 'सौ.तर्फे'.