सेलिमोविच यांना सर्ब म्हणायचं की नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बोस्नियात जन्मलेले कादंबरीकार मेशा सेलिमोविच यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की मुस्लिम घरात जन्मलेल्या माणसाला 'सर्ब लेखक' म्हणणं चूक आहे. तुमच्या मते सर्ब म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, धर्म सुटला की माणूस सर्ब उरत नाही, आणि बोस्नियाच्या 1992-95 च्या युद्धाने हे सिद्धच झालं. उत्तर जरा लांबेल, कारण तुमचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

चर्चबद्दल तुमचं बरोबर आहे. सर्बांचे पहिले आर्चबिशप संत सावा यांनी 1219 मध्ये सर्बांसाठी स्वतंत्र चर्च मिळवलं. पुढे उस्मानी (ऑटोमन तुर्की) अमलात राजे गेले, राज्य गेलं, तेव्हा सर्ब हे नाव तगवून धरलं ते याच चर्चने. आजही घराण्याच्या संताचा दिवस, 'स्लावा', बापाकडून मुलाकडे येतो. मेणबत्ती लावतात, खास पाव भाजतात, गहू शिजवतात. एरवी चर्चची पायरी न चढणारी घरंही तो दिवस चुकवत नाहीत. 'जिथे स्लावा, तिथे सर्ब' अशी म्हणच आहे तिथे.

पण याच चर्चच्या इतिहासात मेहमेद पाशा सोकोलोविच आहे. बोस्नियातल्या सर्ब घरातला मुलगा, उस्मानींनी नेलेला, मुस्लिम झालेला आणि वजीरपदापर्यंत चढलेला. कोसोवोतल्या पेच इथलं सर्ब धर्मपीठ 1557 मध्ये पुन्हा उभं राहिलं ते त्याच्या वजनामुळे, आणि त्यावर बसले मकारिये सोकोलोविच, त्याच्याच नात्यातले. धर्म गेला तरी घर विसरलं गेलं नव्हतं.

युद्धाचा दाखला मात्र मला मान्य नाही. 1941 नंतर, दुसऱ्या महायुद्धात, उस्ताशांच्या (क्रोएशियन फॅसिस्टांच्या) क्रोएशियात सर्बांची कत्तल झाली, त्यांना हाकललं गेलं, आणि हजारोंना जबरदस्तीने कॅथलिक केलं गेलं. धर्म बदलला की सर्ब संपला, हेच सूत्र त्यामागे होतं. 1995 मध्ये स्रेब्रेनित्सात बोस्नियातल्या सर्ब सैन्याने आठ हजारांवर मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. मारणारे आणि मरणारे एकच भाषा बोलत होते. अशा ठिकाणी लागलेला निकाल मी ओळखीची व्याख्या म्हणून स्वीकारणार नाही.

आता माझी चूक. 'बोस्नियातले मुस्लिम मुळात सर्बच' असं सांगताना लेखात मी सर्ब भाषातज्ज्ञ वुक कराजिच यांचा आधार घेतला होता. 1849 मध्ये छापलेल्या लेखात त्यांनी भाषेवरून सर्ब मोजले: सुमारे पन्नास लाख, तीन धर्मांचे. पण त्यातले ऑर्थोडॉक्स तेवढे स्वतःला सर्ब म्हणवतात, बाकीचे हे नाव घेत नाहीत, हेही त्यांनीच तिथे लिहून ठेवलंय. ते मी गाळलं. आज बोस्नियातले मुस्लिम स्वतःला बोस्नियाक म्हणवतात, आणि त्यांना 'मुळात सर्बच' म्हणणं त्यांना किती लागतं हे मला लिहिताना कळायला हवं होतं. माँटेनेग्रोत तर एकाच चर्चमध्ये शेजारी उभ्या असलेल्यांपैकी एक स्वतःला सर्ब म्हणवतो, दुसरा माँटेनेग्रिन.

सेलिमोविच यांची गोष्ट वेगळी आहे. 1976 मध्ये त्यांनी सर्बियाच्या विज्ञान आणि कला अकादमीला पत्र लिहून कळवलं, की मी बोस्नियातल्या मुस्लिम कुटुंबातला, राष्ट्रीयत्वाने सर्ब, आणि सर्ब साहित्याचा आहे. त्यांनी ना कुटुंब लपवलं, ना बोस्निया. त्यांच्या आधी, आज क्रोएशियात असलेल्या दुब्रोवनिक शहराच्या परिसरात स्वतःला सर्ब म्हणवणाऱ्या कॅथलिकांचा एक गटच होता. माँटेनेग्रोचा 1888 चा मालमत्ता कायदा रचणारे वाल्ताझार बोगिशिच त्यांतलेच. या माणसांना 'तुम्ही आमचे नाही' असं सांगायचा हक्क तुम्हाला किंवा मला कुठून येतो?

म्हणून 'बोस्नियातले मुस्लिम मुळात सर्बच' हे वाक्य मी आज लेखातून काढलं आहे. सेलिमोविच यांच्याबद्दलचं वाक्य ठेवलं आहे, आणि त्याखाली त्यांच्या त्या पत्राचा उल्लेख जोडला आहे.